जुना नकाशा आणि भूमीतील ठेवा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता कात्रजचा घाट ओलांडून दक्षिणेस उतरू लागला, की शिवगंगेच्या खोऱ्यातील एकेक गाव मागे पडू लागते. शिवापूर जाते, नसरापूरचा फाटा जातो आणि कापूरहोळच्या अलीकडे भोर तालुक्यातील कामथडी हे गाव येते. भरधाव मोटारीत बसलेल्या प्रवाशास त्या गावाची पाटी क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. परंतु जो थांबून विचार करील त्यास पाटीवरचे नावही काही सांगू शकेल. 'थडी' म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. कामथडी हे नाव त्याच जातीचे. कागदाचा नकाशा हाती येण्यापूर्वी शेकडो वर्षे लोकांनी असे नकाशे नावांतच साठवून ठेवले होते.

या गावाच्या भोवतालचा प्रदेश इतिहासाने भरलेला आहे. पूर्वेस पुरंदर, पश्चिमेस राजगड व तोरणा, वायव्येस सिंहगड, दक्षिणेस रोहिडा असे बुलंद किल्ले चहूकडे उभे आहेत. १६४८ मध्ये नीरेपलीकडे शिरवळच्या कोटासाठी झुंज झाली. १६६५ मध्ये मिर्झा राजा जयसिंगाने पुरंदरास वेढा घातला, तेव्हा त्याच्या फौजांनी राजगड, रोहिडा व सिंहगड यांच्या परिसरातील गावे जाळून उद्ध्वस्त केली. सैन्ये आली आणि गेली. पण व्यापाऱ्यांचे बैलांचे तांडे, जासूद, वारकरी आणि बाजारकरी यांची ये-जा कधी थांबली नाही. माणूस ज्या वाटेने जातो त्या वाटेवर तो काही ना काही मागे ठेवून जातो. बैलाच्या गळ्यातील घुंगूर तुटून पडतो, घोड्याच्या नालेचा खिळा निखळतो, कमरेच्या कशातून एखादी शिवराई निसटते. वर्षानुवर्षे माती साचते आणि या वस्तू तिच्या पोटात जातात. पुढे वाटही बदलते, आणि ती कोठे होती हेच कोणाला आठवत नाही.

भूमीतील धनाची एक कथा या भागात घरोघरी सांगितली जाते. शिवाजी महाराजांनी तोरणा घेऊन त्याची डागडुजी चालविली असता तेथे धनाने भरलेले हंडे सापडले, आणि त्या द्रव्यातून राजगडाचे बांधकाम झाले, असे परंपरा सांगते. या कथेचे मर्म पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सापडलेले धन कोणी आपल्या घरात नेले नाही, ते स्वराज्याच्या कामी लागले, हे ते मर्म होय. परंतु लोकांच्या मनात धनाचा हंडा तेवढा राहिला. गुप्तधनाच्या लोभाने लोक कोठे किल्ल्याचा तट पोखरतात, कोठे देवळाचा चौथरा उखडतात, तर कोठे समाधीचा दगड हलवितात. धन बहुधा हाती लागत नाहीच. पण पूर्वजांनी उभारलेले आणि पुढच्या पिढ्यांना द्यावयाचे जे होते, ते मात्र कायमचे नष्ट होते.

मग भूमीच्या पोटातील इतिहास शोधूच नये काय? अवश्य शोधावा. मात्र त्याची रीत निराळी आहे, आणि त्या रीतीची पहिली पायरी कुदळ ही नसून नकाशा ही आहे.

आपल्या देशात शास्त्रशुद्ध मोजणीचे काम फार जुने आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ एक आधाररेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली, आणि तिच्या आधारे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत साऱ्या देशाची मोजणी पुढे सरकली. शेतजमिनीची मोजणी हे याहून निराळे काम. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली, आणि पुढे ती सर्वत्र पसरली. मोजणीची साखळी ३३ फूट लांब असे व तिचे १६ आणे कल्पिलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही शेतकऱ्याच्या तोंडी असलेला गुंठा त्या साखळीतून आलेला आहे. या मोजणीतून प्रत्येक गावाचा नकाशा तयार झाला. त्यात शेताच्या हद्दी, गावची शिव, ओढे, विहिरी, गाडीवाटा व गावठाण दाखविलेले असे. भोरचा मुलूख त्या काळी पंतसचिवांच्या संस्थानात होता व १९४८ मध्ये तो मुंबई प्रांतात विलीन झाला. त्यामुळे या भागाचा अभ्यास करणाऱ्याने संस्थानी दप्तरातील कागदांकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

जुना नकाशा वाचण्याची एक युक्ती आहे. तो एकटा वाचू नये. नव्या नकाशाशेजारी ठेवून वाचावा. प्रथम ज्या गोष्टी बदलत नाहीत त्या दोन्ही नकाशांत शोधाव्यात. डोंगराचे शिखर, दोन ओढ्यांचा संगम, जुने देऊळ, बांधीव विहीर, गावची शिव या त्या गोष्टी होत. पातळ कागदावर जुना नकाशा उतरवून, दोन्ही नकाशांचे प्रमाण सारखे करून, तो नव्या नकाशावर ठेवला आणि या खुणा एकमेकींवर जुळविल्या, की दोन काळ एकाच कागदावर येतात. मग जुन्या नकाशात जे आहे आणि नव्यात नाही, त्याची यादी करावी. एखादी गाडीवाट मोडलेली दिसेल. नदीचा जुना उतार, म्हणजे पूल होण्यापूर्वी लोक जेथून पाणी ओलांडीत ती जागा, दिसेल. बाजार भरण्याचा तळ, जकातीचे नाके, घाटाच्या पायथ्याचा मुक्काम दिसेल. क्वचित एखादे संपूर्ण गाव दिसेल, जे आज नाही. महसुली दप्तरात अशा उजाड झालेल्या गावास 'बेचिराख' म्हणतात. जेथे दिवाही लागत नाही असे गाव, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

भोर तालुक्यात याचे एक ठळक उदाहरण आहे. वेळवंडी नदीवर भाटघर येथे बांधलेले धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले व नदीच्या खोऱ्यातील बरीच भूमी पाण्याखाली गेली. नव्या नकाशावर तेथे निळा रंग दिसतो. त्यापूर्वीच्या नकाशात मात्र त्या निळ्या रंगाखाली शेते, वाटा व वस्त्या आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की कांबरे येथील कांबरेश्वराचे प्राचीन मंदिर उघडे पडते, आणि जुन्या नकाशातील एक खूण जणू डोळ्यांसमोर उभी राहते.

यादी तयार झाली म्हणजे नकाशा मिटून शिवारात जावे. तेथे माती हीच पाटी आणि माती हेच पुस्तक. मराठी शेतकरी शेतजमिनीस 'काळी' म्हणतो आणि वस्तीच्या जागेस 'पांढरी' म्हणतो. जेथे शेकडो वर्षे घरे होती, चुली पेटल्या, राख, शेण व भिंतींची माती थरांवर थर साचली, तेथील माती करडी-पांढरी होते. जुन्या वस्तीच्या अशा टेकाडास लोक पांढरीचे टेकाड म्हणतात. ही माती पिकास पोषक असल्याने अनेक गावी ती गाड्या भरभरून शेतात नेली गेली आणि त्याबरोबर इतिहासाचे थरही गेले. अशा जागी पावसाळ्यानंतर पाहावे. नांगराने वर आलेली खापरे, विटांचे तुकडे, जात्याची फुटलेली तळी, बांगड्यांच्या काचा तेथे दिसतात. शेतांची नावेही विचारावीत. 'पांढरीचा मळा', 'जुने गावठाण' अशी नावे ज्या शेतांना आहेत, तेथे पूर्वी काय होते हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि गावातील वृद्ध मंडळींस विचारण्यास तर कधीच विसरू नये.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. एका इंचास एक मैल या प्रमाणाच्या नकाशात कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे ६३,३६० इंच होत. अशा नकाशात शिसपेन्सिलीच्या रेघेची जाडी इंचाचा पन्नासावा भाग धरली, तरी ती रेघ जमिनीवर १०० फुटांहून अधिक रुंद होते. म्हणून नकाशा शेतापर्यंत नेईल, पण नेमक्या ढेकळापर्यंत नेणार नाही. तेथून पुढे डोळ्यांचे काम सुरू होते.

डोळ्यांना न दिसणारी धातूची वस्तू ओळखण्यासाठी विज्ञानाने एक यंत्र दिले आहे. त्यास धातुशोधक यंत्र म्हणतात. त्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला, की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली, तर तिच्यातही सूक्ष्म प्रवाह वाहू लागतात. त्यांचा परिणाम यंत्रास जाणवतो आणि यंत्र आवाज देते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी या तत्त्वावरचे यंत्र वापरून पाहिले. पण त्यांना यश आले नाही. आजची यंत्रे त्याहून पुष्कळ सुधारलेली आहेत. तरीही नाण्याएवढी वस्तू ती साधारणतः वीत-सव्वा वीत खोलीपर्यंतच ओळखतात. दख्खनच्या काळ्या कातळात व मातीत लोहयुक्त खनिजे असल्याने येथे ती फसण्याचाही संभव असतो. शिवाय प्राचीन नाणे आणि कालच्या बाटलीचे झाकण यांतला भेद करण्याइतके शहाणपण यंत्रात नसते. यंत्र फक्त आवाज देते. अर्थ माणसाने लावावा लागतो.

नकाशा, यंत्र आणि माणसाचा विवेक ही तिन्ही एकत्र आली म्हणजे काय घडू शकते, याचे एक उदाहरण जर्मनीत घडले. इसवी सन ९ मध्ये तेथील अरण्यात जर्मन टोळ्यांनी रोमन साम्राज्याच्या तीन पलटणी पार नष्ट केल्या. ही लढाई इतिहासात प्रसिद्ध होती, पण तिची जागा कोणास ठाऊक नव्हती. १९८७ मध्ये टोनी क्लन हा इंग्रज लष्करी अधिकारी ऑस्नाब्रुक येथे नेमला गेला. त्यास धातुशोधक यंत्राचा छंद होता. परंतु तो प्रथम यंत्र घेऊन शेतात धावला नाही. तेथील पुरातत्त्वज्ञ वोल्फगांग श्ल्यूटर यांची त्याने भेट घेतली, पूर्वी कोठे कोठे रोमन नाणी सापडली याच्या नोंदी वाचल्या, नकाशांवर जुन्या वाटेची रेषा शोधली, आणि मग काल्क्रीज या ठिकाणी शोध घेतला. तेथे त्यास चांदीची रोमन नाणी मिळाली. पुढे १९८८ मध्ये शिशाच्या गोफणगुंड्या मिळाल्या. नाणी व्यापाऱ्याचीही असू शकतात. परंतु गोफणगुंड्या सैनिकाच्याच. क्लनने त्या वस्तू सापडल्या ठिकाणांच्या माहितीसह पुरातत्त्वज्ञांच्या हवाली केल्या. तेथे पुढे पद्धतशीर उत्खनन झाले, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते दोन हजार वर्षांपूर्वीची ती लढाई तेथेच झाली. क्लनने ती नाणी गुपचूप विकली असती, तर त्यास काही पैसे मिळाले असते आणि जगास काहीच मिळाले नसते.

वस्तूइतकेच, किंबहुना वस्तूहूनही, तिच्या जागेला मोल असते ते का, हे दुसऱ्या एका रणभूमीवरून चांगले समजते. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न येथे १८७६ मध्ये तेथील मूळ रहिवासी जमातींनी सेनाधिकारी कस्टरच्या तुकडीचा पराभव केला. कस्टरबरोबरच्या तुकडीतील एकही सैनिक हकिकत सांगण्यास उरला नाही. १९८३ मध्ये त्या माळावरचे गवत वणव्यात जळून जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांनी धातुशोधक यंत्रांनी तो माळ रांगेने पिंजून काढला. जेथे यंत्र वाजले तेथे लहान निशाण रोवले. वस्तूची जागा मोजून नकाशावर नोंदविली. त्यानंतरच वस्तू उचलली. प्रत्येक बंदुकीची खूण काडतुसाच्या टोपणावर निराळी उमटते. त्या खुणा व जागा जुळवून कोणती बंदूक कोठून कोठे सरकली हेदेखील सांगता आले. टोपणे तीच, पण ती पोत्यात भरून बाजारात नेली असती, तर भंगाराच्या भावाने विकली गेली असती.

महाराष्ट्रातही हीच गोष्ट दिसून येते. प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाचा बुंधा खणून काढताना एका गावकऱ्यास तांब्या-कांशाच्या चार भरीव मूर्ती मिळाल्या. बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशा त्या अप्रतिम वस्तू आहेत. परंतु त्या उत्खननात, मातीच्या ओळखीच्या थरात सापडल्या नाहीत. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळातल्या याविषयी विद्वानांत मतभेद झाले. वस्तू हाती आली, पण तिचा साक्षीदार असलेला थर हातचा निसटला. याउलट शिरूर तालुक्यातील इनामगावचे पाहा. तेथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात थर मोजीत उत्खनन केले. सोन्याचे हंडे तेथे निघाले नाहीत. निघाली ती घरांची जमीन, चुली, धान्याची कोठारे, जळालेले दाणे आणि कुंभांतील दफने. तेवढ्यावरून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पेरीत होता, काय खात होता, कसे घर बांधीत होता हे आज सांगता येते. धन मोठे कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कामथडीजवळच्या नसरापूरला बनेश्वराचे मंदिर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील या शिवालयात एक घंटा आहे. तिच्यावर क्रूसाची खूण व १६८३ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून ही घंटा येथे आली असावी, असे मानले जाते. क्रूस असलेली घंटा शिवाच्या देवळात कशी, हा प्रश्न ती तेथे आहे म्हणूनच पडतो. तीच घंटा वितळविली असती, तर काही मण कांसे तेवढे उरले असते. वस्तू आणि जागा यांची ताटातूट झाली, की इतिहास मुका होतो.

यासाठीच आपल्या देशात कायदे आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याने, म्हणजे जमिनीत दडलेल्या धनासंबंधीच्या कायद्याने, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. प्रामाणिकपणे कळविणाऱ्याचा हक्क त्या कायद्याने राखला आहे. लपविणाऱ्याचा हक्क मात्र जातो व त्यास शिक्षाही होऊ शकते. १९५८ च्या कायद्यान्वये संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीवाचून खोदता येत नाही. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या व्यापारावर निर्बंध घातले आहेत. राजगड तर २०२५ पासून मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला आहे. तेव्हा हौसेने यंत्र घेऊन गडावर परवानगीवाचून खोदणे हा खेळ नव्हे, अपराध आहे. नकाशावर जागा ओळखणे हे मात्र कोणासही मोकळे आहे, आणि खरा आनंदही त्यातच आहे.

आता समजा, कामथडीच्या शिवारात एक आजोबा व त्यांचा सातवीतला नातू नांगरटीच्या दिवसांत शेतात गेले आहेत. शाळेत गावाचा जुना नकाशा पाहून मुलाने ओळखले आहे, की त्यांच्या शेताच्या कडेने पूर्वी एक गाडीवाट ओढ्याकडे उतरत होती. तासातून चालता चालता त्याच्या पायाशी हिरवट गंजलेले एक जाड नाणे येते. जवळच दुसरे दिसते, तिसरे दिसते, आणि मातीतून एका मडक्याची कड डोकावते.

"आजोबा, हंडा! कुणाला सांगायचं नाही. रात्री येऊन उकरू."

आजोबा बांधावर टेकतात. वर्ष ओढीचे गेले आहे. सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. ते क्षणभर काहीच बोलत नाहीत. मग विचारतात, "हे नाणं कुणाचं, बाळ?"

"आपल्या रानात सापडलं, म्हणजे आपलंच की."

"रान आपलं खरं. पण ज्यानं ही पुरली, त्याच्या मागं कोण लागलं होतं? तो परत का आला नाही? हे तुला नाणं विकून कळेल का?"

मुलगा गप्प होतो. आजोबा पुढे म्हणतात, "तूच सांगितलंस, इथून वाट जात होती. ती वाट खरी होती, याची साक्ष हे मडकं देतंय. ते जागचं हललं, की साक्ष गेली. हात लावू नकोस. आधी जागा मोज. मग तलाठी भाऊसाहेबांकडे जाऊ, आणि तुझ्या गुरुजींनाही बोलावू."

मग नातू जागा मोजतो. विहिरीच्या कोपऱ्यापासून मडक्यापर्यंतचे अंतर तो दोरीने घेतो आणि बांधावरच्या आंब्यापासूनचेही घेतो. दोन पक्क्या खुणांपासूनची दोन अंतरे, आणि त्या खुणांना जोडणाऱ्या रेषेच्या कोणत्या अंगास ते, एवढे लिहिले की कोणीही पुन्हा नेमका तेथेच येऊन उभा राहू शकतो. नाणी तो घासत नाही, धूत नाही. त्यांच्यावरील गंजही काही सांगत असतो. सापडलेल्या शिवराईवर 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' ही अक्षरे असली, तरी ती महाराजांच्याच काळात पुरली गेली असे लगेच म्हणता येत नाही. कारण शिवराई एकोणिसाव्या शतकापर्यंत चलनात होती. सोबतच्या वस्तू, मडक्याची घडण आणि मातीचा थर पाहूनच जाणकार तिचा काळ ठरवतील. त्या संध्याकाळी मुलगा शाळेच्या वहीत गावाचा नकाशा काढतो, मोडलेली वाट तुटक रेषेने दाखवितो आणि तिच्या कडेला एक लहानशी फुली करतो.

ही फुली लहान दिसते, पण तिची योग्यता मोठी आहे. नाण्यांची किंमत ठरेल, हिस्से ठरतील, कर्जाचा काही भार हलका होईल वा न होईल. परंतु कोणे एके काळी या ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस भयाने थांबला आणि आपले सर्वस्व मातीच्या स्वाधीन करून गेला, ही हकिकत त्या फुलीमुळे जिवंत राहील. भूमी आपला ठेवा कोणा एकासाठी राखीत नाही. ती तो साऱ्या गावासाठी, आणि अजून जन्मास न आलेल्या मुलांसाठी राखीत असते. जुना नकाशा त्या ठेव्याची वाट दाखवितो. तेथे पोहोचल्यावर हात कसा आवरावा, हे मात्र माणसाने स्वतःच शिकावयाचे असते.

स्वाध्याय

१. 'बेचिराख', 'पांढरी', 'काळी' आणि 'थडी' या शब्दांचे अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

२. जुना व नवा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहताना प्रथम कोणत्या खुणा जुळवाव्यात? का?

३. दायमाबाद व इनामगाव या दोन ठिकाणांच्या शोधांत कोणता फरक आहे? त्यावरून काय बोध होतो?

४. आजोबांना नाण्यांचा मोह पडण्यासारखी परिस्थिती होती. तरीही त्यांनी नातवास जागा मोजण्यास का सांगितले? तुमच्या शब्दांत लिहा.

५. तुमच्या गावाचा जुना नकाशा गुरुजींच्या मदतीने पाहा. आज नाहीशी झालेली एक वाट, विहीर किंवा वस्ती शोधून, घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडून तिची माहिती मिळवा आणि दहा ओळी लिहा.